पहिला घोट

सनातू आपल्या आजाच्या, आबांच्या दारात उकिडवी बसली, मान खाली घातली आणि सकाळची विचारपूस सुरू केली. झोप लागली का, अंग बरं आहे का, घर बरं आहे का. थोरांना विचारायचं ते खाली बघून, आणि उत्तर ऐकायचं तेही खाली बघूनच. तोंडाकडे बघायचं नाही म्हटल्यावर माणसाची नजर जाणार कुठे, पायांकडेच. रोज सकाळी आबांचे पाय बघत बघत ती एकोणीस वर्षांची झाली होती. आज त्यांतल्या एका पायात मोजा होता.

काळा, टाचेला विरलेला, शाळेच्या पोरांचा असतो तसला. मार्च सरत आलेला, सूर्य अजून कडुनिंबाच्या वर आला नव्हता तरी मानेवर घाम जमत होता, आणि म्हातारा एका पायात मोजा घालून कातड्यावर बसलेला.

"थंडी वाजते का आबा?" तिने विचारलं.

"कुणाला?"

"डाव्या पायाला."

आबा मोठ्याने हसले. "घरात तुझ्यासारखी तरणी बायको असून म्हाताऱ्याचे पाय गार पडतात. लोक काय म्हणतील तुला?"

वुगुयिली गावात आजा आणि नात यांचं हे असंच चालतं. विचारपूस संपेपर्यंत मान खाली, आणि संपली रे संपली की आजा नवरा आणि नात बायको. आईबापासमोर जो शब्द गिळायचा तो आजासमोर बेलाशक बोलायचा, आणि त्यानेही तो सव्याज परत करायचा.

"लंगडा नवरा नको बाई मला," सनातू म्हणाली. "मी दुसरं घर बघते."

"बघ की. तुझ्या हातचा रस्सा एकदा चाखला की दुसऱ्या दिवशी तो स्वतः आणून सोडेल तुला इथे."

ती हसत उठली. पण लंगडा म्हणताच आबांचा हात आपसूक घोट्यावर गेला होता, आणि ते तिने पाहिलं होतं. अंगणाबाहेर पडताच ती झपाझप तळ्याकडे निघाली.

नारू कसा असतो हे सनातूला कुणी शिकवायची गरज नव्हती. तळ्याचं पाणी न गाळता प्यायलं की डोळ्यालाही न दिसणारं काहीतरी पोटात जातं, वर्षभर मुकाट्याने वाढतं, हातभर लांब होतं आणि मग पायाला फोड आणून बाहेर निघतं. फोड असा जळतो की माणसाला दुसरं काही सुचत नाही, फक्त गार पाणी हवं असतं. पाय पाण्यात घातला की नारूचं काम फत्ते. त्याची हजारो पिल्लं तळ्यात सुटतात आणि पुढच्या वर्षी अख्ख्या गावाच्या पायांतून निघतात. असला हलकट किडा देवाने कशाला घडवला, ते देवालाच ठाऊक. सनातूच्या उजव्या गुडघ्यातून तो ती नऊ वर्षांची असताना निघाला होता. काडीला गुंडाळून रोज दोन बोटं ओढायचा. जोरात ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो. एकतीस दिवस तिला चालता आलं नाही, आणि एकतीस दिवस आबांनी तिला पाठीवर घेऊन शाळेत नेलं आणि आणलं.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या सात तरुण पोरापोरींनी निळे सदरे अंगावर चढवले आणि तळं राखायला घेतलं. पगार नाही, काही नाही, वर शिव्या फुकट. घरोघर गाळायची फडकी वाटायची, फाटलेली बदलायची, तळ्यात औषध टाकायचं, आणि उजाडल्यापासून काठावर उभं राहून पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं, पाय दाखवा. ज्याच्या पायाला फोड असेल त्याला फतावू सायकलच्या मागच्या सीटवर बसवून पलीकडच्या गावातल्या पट्टीच्या केंद्रात नेऊन सोडायचा. पहिल्या वर्षी एकेचाळीस जण निघाले, गेल्या वर्षी नऊ. यंदा अजून एकही नव्हता. हे कोरडे महिने असेच निघून गेले असते तर वुगुयिलीतून नारू कायमचा गेला असता.

आणि हे सगळं होऊ दिलं होतं ते आबांनी. झिब्लिम आबा म्हणजे गावचे तिन्दाना. जमिनीचा आणि तळ्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. औषधाला सगळे म्हातारे नाही म्हणत असताना ते एकटेच म्हणाले होते, तळं माझ्या जबाबदारीवर आहे, पोरांना काम करू द्या, पूर्वजांशी काय बोलायचं ते मी बघतो. त्यानंतर कुणाची टाप नव्हती तोंड उघडायची.

सनातू तळ्यावर पोचली तेव्हा फतावू गळ्यातली शिट्टी तोंडात धरून दोन गाढवांना काठावरून हुसकत होता. तो सातांतला म्होरक्या, तेवीस वर्षांचा, आवाज असा की शिट्टीची गरजच नव्हती. उन्हाने तळं आटून निम्म्यावर आलं होतं. बायका जर्मनची घमेली भरून, तोंडाला फडकी ताणून पाणी गाळून घेत होत्या.

"चेहरा का पडलाय तुझा?" फतावूने विचारलं. "उद्याच्या गर्दीची भीती वाटते? घाबरू नकोस. उद्या काठावर पाय तपासायची पाळी तुझी असली तरी आम्ही सगळे आहोत."

उद्या तळ्याचा दिवस होता. पेरणीच्या आधी वर्षातून एकदा तिन्दाना बाजरीच्या पिठाचं पाणी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतो, पूर्वजांना नावानिशी हाक मारतो, ते पाणी त्यांना वाहतो. मग तुंबा, म्हणजे वाळक्या भोपळ्याचं भांडं, तळ्यात बुडवून भरतो आणि पहिला घोट स्वतः घेतो. तोपर्यंत कुणी पाण्याला शिवत नाही.

"फतावू, समजा कुणी मोठ्या माणसाने फोड लपवला तर?"

"उचलून नेईन."

"अगदी मोठा माणूस असला तर?"

"म्हणजे कोण? राजा?"

"तिन्दाना."

फतावू एवढ्या जोरात हसला की गळ्यातली शिट्टी नाचली. "तिन्दानाला नारू झाला ना, तर आपलं दुकान बंद. लोक म्हणतील, पोरांनी तळ्यात औषध ओतून पूर्वजांना चिडवलं आणि त्यांनी ज्याने परवानगी दिली त्यालाच धरलं. संध्याकाळपर्यंत सगळी फडकी चुलीत जातील बघ. तोंडात माती पडो तुझ्या, असलं बोलू नकोस."

सनातूने गाळायचं एक फडकं तपासायला घेतलं. काठावर बायकांच्या म्होरक्या अझारामावशी दोन सुनांना दटावत होत्या. अझारामावशींचा दरारा असा की त्या आल्या म्हटलं की कोंबड्यासुद्धा वाट सोडायच्या.

"आज घरातलं सगळं भरून ठेवा गं," त्या ओरडल्या. "उद्या तिन्दानांचा पहिला घोट झाल्याशिवाय कुणी घमेलं बुडवलं तर माझ्याशी गाठ आहे."

पहिला घोट. सनातूच्या हातातलं फडकं खाली पडलं.

पोटात शिरल्यापासून पायातून निघेपर्यंत नारूला एक वर्ष लागतं, हे ती तीन वर्षं घसा फोडून घरोघर सांगत आली होती. उद्या वर्ष पुरं होणार होतं. गेल्या वर्षी याच काठावर सात निळे सदरे रांगेत उभे होते, आबा तुंबा वर उचलून तळ्याचं पाणी तसंच, न गाळता घटाघटा प्यायले होते आणि सातांनीही गावाबरोबर टाळ्या वाजवल्या होत्या. सर्वांत मोठ्याने सनातूने. दीडशे घरांच्या पाण्यावर त्यांनी फडकं घातलं, पण त्या एका घोटावर घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तो घोट म्हणजे पाणी, हेच कुणाला कधी वाटलं नव्हतं.

तिने फडकं उचललं, झटकलं आणि दिवसभर काम केलं. कुणी काय विचारलं, तिने काय सांगितलं, ते तिला नंतर आठवेना.

उन्हं कलल्यावर ती कोमट पाण्याचं भांडं आणि शिया झाडाच्या बियांचं लोणी घेऊन आबांकडे गेली. ते एकटेच होते. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आज सेवा?" आबा म्हणाले. "बायकोला काहीतरी मागायचं दिसतंय."

ती समोर बसली आणि एक शब्द न बोलता त्यांच्या पायातला मोजा काढू लागली. त्यांनी पाय मागे घेतला. तिने पुन्हा पुढे ओढला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यांनी काठी उगारली असती.

घोट्याच्या जरा वर फोड होता, भुईमुगाच्या दाण्याएवढा, भोवतालची कातडी तांबूस आणि ताणलेली. अजून फुटला नव्हता.

"कधीपासून?"

"तीन दिवस."

"जळतो?"

आबांनी थट्टा शोधली, पण त्यांना सापडली नाही. "फार जळतो गं," ते म्हणाले. "उद्या गार पाण्यात उभा राहायला मिळेल, एवढ्याच आशेवर बसलोय."

"तेच तर त्याला हवंय."

"मला ठाऊक आहे त्याला काय हवंय. तुझा सगळा पाठ ऐकलाय मी. घट्ट पट्टी बांधेन. वरून मेण लावेन. आत जाईन आणि लगेच बाहेर."

"आबा, पट्टीने पाणी अडतं का?"

"मग मी नाही उतरलो तर कोण उतरणार? तुझा बाप तिकडे दक्षिणेत, कोकोच्या मळ्यात. आणि असता इथे तरी बाप जिवंत असताना मुलाने त्या पाण्यात पाऊल ठेवायचं नाही. उद्या पूर्वजांना हाक गेली नाही, पाऊस चार दिवस लांबला, की बोट कुणाकडे दाखवतील? तुम्हा पोरांकडे. मी तुमच्याचसाठी..." ते बोलता बोलता थांबले.

"केंद्रात चला. फतावू आत्ता नेईल. तिथे कुणी काही विचारत नाही."

"फतावूच्या सायकलवर? तिन्दाना, मागच्या सीटवर, सगळ्या गावातून?" त्यांचा आवाज चढला. "त्यापेक्षा मला पुरून टाका."

सनातूने कोमट पाण्यात कपडा पिळला आणि फोडाच्या भोवतालची धूळ पुसली. फार हळू पुसली. तिला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या त्या सुकलेल्या नडगीची कीवही येत होती, आणि या दोन्हींचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"मला एकतीस दिवस पाठीवर नेलंत तुम्ही," ती म्हणाली.

"मग? जड होतीस असं कधी म्हटलं का मी?"

"नाही म्हटलंत. पण पुढच्या वर्षी कुणाकुणाला नेणार? अझारामावशींच्या नातवंडांना? फतावूच्या बहिणीला? गावात पोरं आहेत किती आणि तुमच्या पाठी आहेत किती?" आणि मग तिला रडू आवरलं नाही. "उद्या पाळी माझी आहे, आबा. उतरणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणते तेच तुम्हालाही म्हणणार. पाय दाखवा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बायको नवऱ्याला असं करते?"

"आज थट्टा नको."

आबांनी मोजा उचलला, त्यात पाय घातला आणि तो नीट वर ओढून घेतला. मग ते अंगणातल्या शेळ्यांकडे बघू लागले. तिने भांडं उचललं. जाताना तिने मागे वळून पाहिलं, ते तसेच बसले होते.

सकाळी तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका रिकामी घमेली पालथी घालून त्यांवर बसल्या होत्या, पोरं झाडांवर चढली होती, ढोलवाले आपली वाद्यं उन्हात तापवत होते. सनातू पाण्याच्या कडेला आपल्या जागी उभी होती. निळा सदरा पाठीला चिकटला होता. कमरेला नेहमीचं गाळायचं फडकं. तिने रात्रभर तीन शब्द घोकले होते. पाय दाखवा आबा. आता त्यातला एकही तोंडातून निघेल असं तिला वाटत नव्हतं.

आबा आले ते पट्ट्यापट्ट्यांचा जाड अंगरखा, लाल टोपी आणि पायात घोडेस्वारांचे गुडघाभर उंच चामडी बूट घालून. सणाचे बूट. चाल सावकाश, पण सावकाश तर ते दरवर्षीच चालत. वाट करून देत लोक खाली बसत गेले. पिठाच्या पाण्याचा तुंबा त्यांच्या हातात होता. ते काठापर्यंत आले, सनातूपासून चार पावलांवर थांबले आणि बूट काढायला वाकणार असं वाटलं.

ती पुढे झाली.

"आबा..."

"थांब," आबा म्हणाले.

त्यांनी तुंबा खाली ठेवला. दोन्ही हातांनी अंगरखा धरला आणि डोक्यावरून ओढून काढला. अख्ख्या गावासमोर ते कमरेपर्यंत उघडे उभे राहिले, छाती आत गेलेली, दंडावरची कातडी लोंबणारी. आणि मग त्यांनी तो अंगरखा सनातूच्या डोक्यावरून तिच्या अंगात घातला. वर टोपीही ठेवली.

बायकांचे हात तोंडावर गेले. अझारामावशी ताडकन उठल्या.

"तिन्दाना! हे काय अभद्र करताय? तुम्ही धडधाकट समोर उभे आहात!"

वुगुयिलीत मेलेल्या आजाचा अंगरखा नात किंवा नातू घालतो तो मयताच्या दिवशी. त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं खोकायचं, त्याच्या शिव्या द्यायच्या. लोक रडता रडता हसतात, त्या पोराला म्हाताऱ्याच्या नावाने हाक मारतात, आणि त्या दिवसापुरतं ते पोर म्हणजेच तो म्हातारा असतो. त्याने राहून गेलेलं काम केलं तर ते म्हाताऱ्याने केलं असं धरतात. जिवंत माणसाची नक्कल कुणी करत नाही.

"एकदा नक्कल झाली की तुम्ही गेलात असंच धरतील, पुन्हा कधी या पाण्यात पाय ठेवता येणार नाही तुम्हाला," अझारामावशींचा आवाज फाटला. "तिन्दानाचा मानही जाईल!"

"रीत माझ्याच घरची आहे, अझारा. मला नको शिकवू." आबा गावाकडे वळले. "चाळीस वर्षं मी मयतं बघतोय. नातवंडं काय झकास नकला करतात. सगळा गाव पोट धरून हसतो, आणि ज्याची नक्कल चाललीय तो एकटाच बघायचा राहतो. मला नाही तसं जायचं. मला माझी बघायचीय." त्यांनी तुंबा उचलून सनातूच्या हातात दिला. "चल गं बायको. कर मला."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग दोघंतिघं. सनातूच्या डोळ्यांसमोर सगळं पाण्यासारखं हलत होतं. अंगरख्याला आबा चघळत त्या कोलाच्या बियांचा आणि धुराचा वास येत होता. तिने छाती पुढे काढली, हनुवटी वर केली, दोनदा घसा खाकरला आणि एका शेळीला आबांच्या आवाजात तिच्या सात पिढ्यांवरून शिवी हासडली. गाव हसलं. ती पाण्याकडे निघाली, आबांच्या ऐटीत, दर तिसऱ्या पावलाला थांबून आजूबाजूला कोण अजून खाली बसलं नाही ते बघत. आता झाडांवरची पोरं खिदळत होती. ढोलवाल्याने तिच्या पावलांवर ठेका धरला.

"हा गेल्या वर्षीचा झाला," आबा काठावरून ओरडले. "यंदाचा कर."

ती थांबली. तिने मागे पाहिलं.

"यंदाचा कसा?"

"लंगड की," आबा म्हणाले. "डाव्या पायाने."

ढोल थांबला. हसू जिथे होतं तिथे विरलं. काठावरच्या प्रत्येक माणसाने त्या उंच बुटांकडे पाहिलं. तीन वर्षांत या गावातल्या लहान पोरालाही डाव्या पायाने लंगडणं म्हणजे काय ते कळत होतं. आबांनी मान खाली घातली नाही.

"गेल्या वर्षीच्या घोटातून आलाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोरांनी सगळ्यांचं पाणी गाळलं. माझंच तेवढं गाळलं नाही, कारण मी गाळू दिलं नसतं. चूक ना त्यांची, ना तळ्याची. हं, बायको. उन्हात उभा करू नकोस मला."

सनातू लंगडू लागली. डावा पाय हळूच टेकायचा, झटकन उचलायचा, भार काठीवर. काठी तिच्याकडे नव्हती, तरी हात तसाच धरला. कुणी हसलं नाही. ती घोट्याएवढ्या पाण्यात गेली, नडगीएवढ्या, गुडघ्याएवढ्या. नावं तिला पाठ होती. लहानपणापासून दरवर्षी ऐकली होती. तिने ती एकेक करून हाकारली आणि पिठाचं पाणी तळ्यात सोडलं. मग रिकामा तुंबा बुडवून भरून घेतला.

आता घोट. तिचा एक हात कमरेच्या फडक्यावर होता आणि तिथेच अडला होता. या घोटावर कधीही, कुणीही काही धरलं नव्हतं. तिने वर पाहिलं. गाव तिच्याकडे नाही, आबांकडे बघत होतं.

कुणीतरी आबांखाली पालथं घमेलं सरकवलं होतं. ते त्यावर बसले होते, उघडेबंब, डावा पाय पाण्यापासून चांगला लांब, कोरड्या मातीवर पसरलेला. फतावू समोर गुडघे टेकून त्या बुटाच्या वाद्या सोडत होता.

"मी होतो तेव्हा एवढा वेळ लावायचो का गं?" आबा म्हणाले. "गाळ आणि पी. बायका खोळंबल्यात."

सनातूने फडकं तुंब्याच्या तोंडावर ताणलं, तुंबा तसाच ओठांना लावला आणि फडक्यातून गाळूनच पाणी प्यायली. मग आबा जसं दरवर्षी करत तसं पालथ्या हाताने तोंड पुसलं आणि समाधानाने एक लांबलचक ढेकर दिली.

पहिल्यांदा अझारामावशींनाच हसू फुटलं. मग सगळ्या काठालाच. आबा तर असे हसत होते की त्यांच्या बरगड्या हलत होत्या. बूट निघाला आणि फतावूने तो फोड पाहिला, तरी ते हसायचे थांबले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"मीच गं," ते म्हणत होते. "अगदी मीच."